रहोबोथच्या व्यासपीठाकडे जाणाऱ्या चौदा पायऱ्या

मी, नेस्टा पेनरी, कै. इथेल पेनरी यांची विधवा, वय सत्त्याहत्तर, राहणार पाळकाचे घर, रहोबोथ चॅपलच्या पाठीमागे, नांत-एर्चन, उत्तर वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे पत्र दिले आहे आणि ते सोबत टाचले आहे. त्यांनी दिले नसते तरी डोके ठिकाणावरच होते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला आले होते ते चहा पिऊन परत गेले. यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केले होते, त्यात सगळे इथेलला दिले होते. घेणारा आठ वर्षांपूर्वी गेला, म्हणून ते आता रद्द समजावे.

वकीलबाई म्हणाल्या, "थोडक्यात लिहा, नेस्टाबाई. कोणाला काय, एवढंच पुरे."

मी म्हटले, "का ते लिहिलं नाही तर लोक भांडतील."

"लिहिलंत तर जास्त भांडतील."

भांडू देत. सत्तेचाळीस वर्षे या गावात या विषयावर कोणी भांडलेले नाही, हेच माझे दुखणे आहे.

१. माझ्या बहिणीची मुलगी माबली ही या मृत्युपत्राची व्यवस्था पाहील. बँकेत जे आहे ते तिचे. भांडी, पलंग, घड्याळ, गोधड्या तिच्याच. स्वयंपाकघरातले मोठे फडताळ मात्र भिंतीपासून हलवू नये. त्याच्या मागे इथेलने हवा खेळायला दोन बोटे जागा सोडली आहे, आणि ती भिंत चॅपलची व आमची एकच आहे. फडताळ भिंतीला टेकवले की वर्षात ओल येईल.

२. इथेलची हत्यारे: रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटे आणि ओळंबा. ही सगळी शेजारच्या खोऱ्यातला सुतार गेथिन याला द्यावीत. इथेलच्या मयतीला तो पायी आला, आणि आमचे पुढचे दार करकरत होते त्याच्या बिजागरीला जाताना तेल लावून गेला. हत्यारे वापरण्यासाठी दिली आहेत. गावातल्या दोन घरांतल्या करवती मी पबच्या भिंतीवर टांगलेल्या पाहिल्या आहेत. इथेलची एकही तिथे दिसता कामा नये.

३. माझी पुस्तके मंगळवारी येणाऱ्या ग्रंथालयाच्या गाडीला द्यावीत. चौदाव्या वर्षी माझी शाळा सुटली. पुढचे जे काही आले ते त्या गाडीतून आले. त्यातले घर-जमिनीच्या कायद्याचे जाड पुस्तक मी एकोणीस वेळा पुन्हा मागून घेतले. गाडीवरचा माणूस म्हणायचा, "बाई, यात खून तरी आहे का?" मी म्हणायची, "आहे, पण फार सावकाश केलेला."

४. आता घर. घर समजायचे तर आधी चॅपल समजले पाहिजे, कारण १८६६ साली दोन्ही एकाच छपराखाली बांधली. खाणीतल्या माणसांनी दिवसाचे काम उरकून दगड वाहिले. रस्त्याकडची भिंत तासलेल्या दगडाची, दोन कमानी दारे, दोन उंच खिडक्या. बाजूच्या भिंती मात्र ओबडधोबड, पावसाच्या बाजूला वरून खालपर्यंत पाटीच्या दगडाने मढवलेल्या. म्हणजे जे लोकांना दिसते ते गुळगुळीत. इथेलला ते आवडायचे नाही. तो म्हणायचा, "आपल्या माणसांनी चेहरा धुतला, पण मानेपर्यंत नाही."

आत तिन्ही बाजूंनी लोखंडी खांबांवर गॅलरी. छताच्या मधोमध चुन्यातले मोठे फूल. गॅलरीच्या कठड्यावर घड्याळ, ते फक्त उपदेश करणाऱ्याला दिसेल असे लावलेले, कारण बाकीच्यांनी वेळ बघायची नसते. समोर व्यासपीठ, तीन पावले इकडून तिकडे चालता येईल एवढे रुंद. त्याच्या पायाशी गोल कठड्यातले मोठे बाक, तिथे चॅपलचा कारभार पाहणारे पंच बसत, लोकांकडे तोंड करून, कोण झोपले ते पाहायला. सगळी बाके पाइनची आहेत. त्यांवर रंग लावून कंगव्याने रेघा ओढून ओकच्या लाकडासारखी केली आहेत. शेवटचा हात इथेलने १९५३ साली दिला. गेल्या वर्षी चॅपल विकत घ्यायला आलेला इंग्लंडातल्या चेशायरचा गृहस्थ त्यांवरून हात फिरवत म्हणाला, "काय सुंदर ओक आहे." तेग्वेन प्यू तिथे उभी होती. ती चॅपलची चिटणीस, उरलेल्या सात सभासदांपैकी एक. ती काही बोलली नाही. मी सांगितले. देखाव्याविरुद्ध उपदेश ऐकणारी माणसे सव्वाशेहून जास्त वर्षे देखाव्यावर बसली, हे गिऱ्हाइकाला कळलेले बरे.

रहोबोथ हे नाव दारावर कोरले आहे. त्याचा अर्थ ऐसपैस जागा. हा शब्द माबलीने लक्षात ठेवावा, तो पुढे येणार आहे.

पाळकाचे घर व्यासपीठाच्या पाठीला लागून आहे. बैठकीच्या खोलीतून चौदा पायऱ्यांचा अरुंद जिना वर जातो आणि एका दारातून थेट व्यासपीठात उघडतो. पाळकाने आपल्या घरातून निघावे आणि लोकांना एकदम वर उभा दिसावा, अशी ती योजना. जुन्या काळी पाळकाची बायको स्वयंपाकघरात भिंतीला कान देऊन असे. उपदेशाचे तीन भाग असत. तिसरा सुरू झाला की बटाटे चुलीवर. एकदा पाळकाने चौथा भाग काढला आणि बटाट्यांचा लगदा झाला, अशी गोष्ट गावात आहे.

५. ही खरी गोष्ट. १९५७ साली इथेल चॅपलची लाकूडकामे बघत असे. मे महिन्यातल्या गाण्यांच्या सोमवारी सहा गावांची मंडळी येत आणि शाळेतल्या मुलांचे गायनपथक गॅलरीच्या पुढच्या तीन रांगांत बसत असे. त्याच्या आधीच्या बुधवारी इथेलने गॅलरीखालच्या मोठ्या तुळईत पटाशी घातली. ती मुठीपर्यंत आत गेली. भिंतीत शिरलेला तुळईचा शेवट आतून कुजला होता, आणि बाहेरून त्याच्यावर त्याचाच ओकचा रंग होता. तो मुख्य पंच कदवालदर प्यू याच्याकडे गेला. प्यू म्हणाला, "सोमवारनंतर बघू. नव्वद वर्षं उभी आहे, पाच दिवस उभी राहील." इथेल दोनदा आणखी गेला. सोमवारी पहाटे त्याने गॅलरीच्या दोन्ही जिन्यांची दारे सात सात खिळे ठोकून बंद केली.

सहा गावांची मंडळी खाली कोंबली गेली. मुले भिंतीला लागून उभी राहून गायली. गावाची मान खाली गेली, असे सगळे म्हणाले. त्या दिवसापासून इथेलचे नाव "इथेल खिळा" पडले आणि पोरे त्याच्या मागे ते म्हणत.

गुरुवारी मंडळीची सभा झाली. प्यू उभा राहिला. "इथेल पेनरी, देवाच्या घरात खिळे ठोकायचा हक्क तुला कोणी दिला?"

इथेल म्हणाला, "तुळईनं."

"तुळई बोलते का?"

"पटाशी घातली की बोलते."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. त्या हसण्याने इथेलचे काम संपले. प्यूला विरोध चालला असता, हसणे चालणारे नव्हते. गर्व, अवज्ञा आणि मंडळीची बदनामी असे तीन दोष वाचून दाखवले, उपदेशासारखेच तीन. काढून टाकायच्या बाजूने हात वर करायला सांगितले. हात वर झाले. मग विचारले, "विरुद्ध कोण?"

माझा हात मांडीवर राहिला. तीस वर्षांची होते, समोर आई बसली होती, सासू बसली होती. हे मी आजवर कोणाला लिहून दिलेले नाही. इथेलने त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि त्याने विचारले असते तर बरे झाले असते.

सभासदांच्या वहीत त्याच्या नावावर रेघ मारली आणि पुढे लिहिले, "कापून काढला." माझे नाव त्याखाली आहे, रेघ नसलेले. मी पुन्हा त्या बाकावर बसले नाही, पण वहीत मी अजून चांगली सभासद आहे.

सहा महिन्यांनी शहरातून एक कंत्राटदार आणला. गावात सांगितले, रंगकाम आहे. रंगकामाच्या नावाखाली तुळई बदलली. जुनी तुळई मागच्या अंगणात तुकडे करून टाकली, तिथून इथेलने टोकाचा एक तुकडा उचलून आणला. वहीत तुळईबद्दल एक ओळ नाही. माझ्या नवऱ्याचे बरोबर होते हे त्यांना माहीत झाले त्या दिवशी त्यांनी ते रंगवून टाकले. मला राग आहे तो याचा. चूक कोणाच्याही हातून होते. ही चूक नव्हती.

६. १९६४ साली शेवटचा पाळक गेला. घर चार वर्षे रिकामे पडले, छप्पर गळू लागले आणि व्यासपीठामागची भिंत ओली झाली. विकत घ्यायला कोणी येईना. मग प्यू आमच्या दारात आला. आत आला नाही.

"घर कोरडं राहिलं तर भिंत कोरडी राहील, इथेल. तू घेतोस का?"

बाकावर जागा नव्हती, दफनभूमीत जागा नव्हती, पण भिंत कोरडी ठेवायला भिंतीच्या मागे जागा होती. मी नको म्हटले. इथेल म्हणाला, "भिंतीनं आपलं काय वाईट केलंय?" आम्ही घेतले.

वकिलाला पैसे नकोत म्हणून प्यूने विक्रीचा कागद स्वतः लिहिला. जिन्याच्या तीन पायऱ्या तेव्हा मोडक्या होत्या. इथेल त्या दुरुस्त करील आणि मंडळीकडे मोबदला मागील, अशी त्याला धास्ती. म्हणून त्याने आपल्या सुंदर अक्षरात लिहिले: "जिना पहिल्या पायरीपासून तो जिथे संपतो त्या फळीपर्यंत, आणि त्या फळीवर जे उभे आहे त्यासह, घराच्या मालकाचा राहील, त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी चॅपलवर असणार नाही."

जिना जिथे संपतो ती फळी व्यासपीठाची आहे. तिच्यावर जे उभे आहे ते व्यासपीठ आहे.

आमच्या माणसांशिवाय ही चूक कोणी केली नसती. व्यासपीठ पाळकाचे आणि पाळक त्या घरातला, हे प्यूच्या हाडात इतके मुरले होते की घरात आता पाळक नाही, त्यानेच काढून टाकलेला सुतार राहणार आहे, हे लिहिताना त्याच्या ध्यानात आले नाही. बाकीच्या पंचांनी सह्या केल्या. वरच्या दाराला त्यांनी चॅपलच्या बाजूने कडी लावली आणि निश्चिंत झाले.

हे मला इथेल गेल्यावर, ते जाड पुस्तक शेजारी ठेवून कागद वाचताना कळले. वकीलबाईंनी तीनदा वाचले आणि म्हणाल्या, "हसू येतंय, पण खरं आहे. व्यासपीठ तुमचं आहे." मग मी त्या ओळीच्या शेजारी पाहिले. समासात सुताराच्या जाड पेन्सिलीची बारीक खूण होती, लाकूड मापून झाले की इथेल करायचा तशी. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

अठ्ठावीस वर्षे दर रविवारी दहा वाजता तो काळा सूट घालून सर्वात खालच्या पायरीवर बसायचा आणि बंद दारापलीकडचा, बाहेरगावाहून आलेल्या पाळकाचा उपदेश ऐकायचा. उपदेश करणाऱ्याने मूठ आपटली की वरून लाकडाचा भुसा त्याच्या खांद्यावर पडायचा. सोमवारी तो जिन्याखाली शिरून पाचर ठोकायचा आणि मला सांगायचा, "माणूस कच्चा आहे, पण मूठ पक्की आहे." ज्या फळीवर उभे राहून ते क्षमेबद्दल बोलत ती त्याची होती, त्याने घट्ट ठेवलेली होती, आणि त्याने कोणाला सांगितले नाही. तो १९९६ च्या फेब्रुवारीत गेला तेव्हा चॅपलमध्ये प्रार्थना करू द्या म्हणून मी विचारले. उत्तर आले की वहीत त्याचे नाव नाही.

७. घर माबलीला. चौदा पायऱ्यांचा जिना आणि रहोबोथचे व्यासपीठ हेही माबलीला, पण कलम नऊच्या अटीवर.

८. कुजलेल्या तुळईचा जो तुकडा आमच्या शेगडीवरच्या फळीवर सत्तेचाळीस वर्षे आहे तो, गॅलरीच्या एका दारातून काढलेल्या सात खिळ्यांसह, कदवालदर प्यूची मुलगी तेग्वेन प्यू हिला द्यावा.

९. चेशायरच्या गृहस्थाला गॅलरीत झोपायची खोली आणि व्यासपीठात बाथटब करायचा आहे. व्यासपीठ दुसऱ्याचे असेल तर तो चॅपल घेणार नाही, आणि विक्री झाली नाही तर छपराचे काम होणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून माझ्या सहीसाठी तेग्वेन चार वेळा आली आहे. माझी अट अशी: माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांच्या आत एका रविवारी दहा वाजता तेग्वेनने जिन्यावरचे दार चॅपलच्या बाजूने उघडावे, व्यासपीठात उभे राहावे आणि पुढील मजकूर मोठ्याने वाचावा. मग तोच वहीत लिहावा.

"मे १९५७ मध्ये इथेल पेनरीने गॅलरी बंद केली. तुळई कुजलेली होती. त्याचे बरोबर होते. आम्हाला ते त्याच वर्षी कळले आणि आम्ही ते लपवले. त्याच्या बायकोने विरुद्ध हात वर केला नाही. या घरात त्याच्यासाठी जागा आहे."

हे झाले की माबलीने व्यासपीठ मंडळीच्या नावे करून द्यावे. पुढे त्यात बाथटब ठेवा नाहीतर कोंबड्या, माझी हरकत नाही. हे झाले नाही तर माबलीने व्यासपीठ कधीही कोणालाही विकू नये, आणि जो कोणी चॅपल घेईल त्याच्या दिवाणखान्यात इथेल पेनरीचे व्यासपीठ उभे राहील.

१०. मला इथेलशेजारी सरकारी दफनभूमीत ठेवावे. उपदेश नको. तीन भागांचा तर नकोच.

११. हे कलम काल, मंगळवारी घडले त्यामुळे वाढवले आहे. तेग्वेन पाचव्यांदा आली. बसली, चहा घेतला नाही.

"नेस्टाकाकू, एक सही. छप्पर गळतंय हो. सात माणसं आहोत, बादल्या नऊ आहेत."

"कलम नऊ वाचलंस ना?"

"वाचलं. माझ्या बाबांना खोटारडा म्हणायचं, तेही व्यासपीठावरून. तुम्ही म्हणाला असता तुमच्या वडलांना?"

"माझे वडील मुख्य पंच नव्हते."

ती उठली. मग म्हणाली, "तुम्हाला माहितीये त्या दिवशी काय झालं माझं? नऊ वर्षांची होते. आईनं पांढरा फ्रॉक शिवला होता, दोन महिने. पुढच्या रांगेत मधोमध मी बसणार होते. आणि तुमच्या नवऱ्यामुळे भिंतीला टेकून उभी राहिले, फ्रॉकच्या मागे सगळा चुना. कोणाला दिसला नाही तो फ्रॉक. मी त्यांना माफ केलेलं नाही, खरं सांगते."

मी शेगडीवरचा तुकडा काढून तिच्या हातात दिला. बाहेरून तो अजून ओकसारखा दिसतो. "दाब," म्हटले.

तिने अंगठा टेकवला. तो आत गेला, पेरापर्यंत. ती बघत राहिली.

"कुठला हा?"

"पुढच्या रांगेखालच्या तुळईचा."

 तिने अंगठा पुसला नाही, सही मागितली नाही, तुकडा कोटाच्या आत धरला आणि निघून गेली. खिळे राहिले. म्हणून कलम आठमधला तुकडा आता द्यायचा उरलेला नाही, फक्त खिळे द्यावेत.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी बैठकीच्या खोलीत हे सगळे पुन्हा वाचत होते. वर, दारापलीकडे, पावले आली. कडीला गंज चढलेला आहे, ती सहज निघाली नाही. दोनदा अडकली. तिसऱ्यांदा सरकली. मग पावले गेली. दार कोणी ढकलले नाही, आणि मीही वर गेले नाही.

कडी काढली म्हणजे मजकूर वाचला असे होत नाही. एकही कलम मी बदललेले नाही. कलम नऊ आहे तसेच राहील, माझ्या स्वतःच्या ओळीसकट. फक्त एवढे लिहून ठेवते की आज सकाळी दाराच्या फटीतून जिन्यात चॅपलकडचा वारा आला आणि त्याला पाइनचा वास होता.

येथवर मी लिहिले, मी वाचले, मला मान्य आहे. खाली नावे असलेल्या दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर व एकमेकांसमोर आपल्या सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही; वकीलबाई म्हणतात तसेच असावे लागते.

सही: नेस्टा पेनरी

साक्षीदार: इडवाल टॉमोस, पोस्टमन. (बैठकीत खुर्च्या असताना बाई जिन्यावर का बसल्या आहेत असे यांनी विचारले. सही इथेच करायची आहे, असे सांगितले.)

साक्षीदार: नॉन एल्वेड, गावची नर्स.

जागा: सर्वात खालची पायरी, पाळकाचे घर, रहोबोथ, नांत-एर्चन
दिनांक: १० मार्च २००४, बुधवार